दुसरी डिस्क दिसेना

सोमवारी सकाळी नऊ वाजता मावशी नेहमीसारख्या वाचायला बसल्या आणि पाहतात तर त्यांचं महिनोन् महिन्यांचं वाचन जागेवर नाही.

मावशी म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाई. एकतीस वर्षं त्या बिघाड विभागात होत्या. लोकांचे मुके झालेले फोन पुन्हा बोलते करायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर वर्षभर त्यांनी घरी बसून पाहिलं, पण ते काही अंगवळणी पडेना. मग अंध विद्यार्थ्यांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम त्यांनी घेतलं. ग्रंथालयातल्या मुलांना त्यांचं नाव लक्षात राहिलं नाही, आवाज मात्र पाठ झाला, आणि मुलांनी त्या आवाजाला मावशी करून टाकलं. पुढे ते नाव घरापर्यंत पोचलं. समोरच्या घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनीही एक दिवस ‘मावशी’ अशी हाक मारली, तेव्हा त्यांनी हात टेकले. त्यांचे यजमान जन्मभर बस चालवून घरी बसलेले. मावशींमुळे ते आपोआप काका झाले.

घराच्या मागच्या बाजूला एक अडगळीची खोली होती. तिच्या भिंतींना काकांनी जुन्या गाद्या उभ्या ठोकल्या, दाराला जाड रजई टांगली आणि आत टेबल, खुर्ची, पडदा आणि माइक एवढंच ठेवलं. कॉम्प्युटरचा डबा बाहेर बोळात होता. त्याच्या पंख्याची घरघर माइकमध्ये येऊ नये म्हणून भिंतीला भोक पाडून वायरी आत घेतल्या होत्या. या खोलीत मावशी रोज सकाळी दोन तास वाचायच्या. सध्या फिजिओथेरपीचं पाठ्यपुस्तक चाललं होतं. त्रेचाळीस प्रकरणं, पानोपानी स्नायूंची आणि हाडांची नावं, वर आकृत्या. आकृती आली की ती शब्दांत सांगायची. सात महिन्यांत सदतीस प्रकरणं झाली होती. पहिली वीस ग्रंथालयात पोचली होती. एकविसाव्यापासून सदतिसाव्यापर्यंतची सतरा प्रकरणं कॉम्प्युटरच्या दुसऱ्या डिस्कवर होती आणि फक्त तिथेच होती. मुलांची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. ग्रंथालयाचा माणूस गुरुवारी ती सतरा प्रकरणं घ्यायला यायचा होता.

आता तीच डिस्क दिसत नव्हती. पडद्यावर ‘सी’ होती. ‘डी’ असायची तिथे काहीच नव्हतं.

मावशींना आदल्या दिवसाची आठवण झाली नसती तरच नवल. रविवारी जावई आले होते. जावई मोठे हौशी. सासूबाईंचा कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं घेतो हे त्यांना कित्येक दिवस खुपत होतं. त्यांनी च्युइंगगमच्या पट्टीएवढी एक नवी डिस्क आणली होती. ती आतल्या मोठ्या पाटीवरच, म्हणजे मदरबोर्डवर बसवायची होती, वायरबियर काही नाही. जावयांनी पहिली जुनी डिस्क काढून टाकली, नवी पट्टी खोचली, सगळी व्यवस्था तिच्यावर हलवली आणि बटण दाबलं. बारा सेकंदांत कॉम्प्युटर हजर! काकांनी घड्याळ लावून मोजलं होतं. लेकीने टाळ्या वाजवल्या. एवढ्यात जावयांच्या गाडीची वेळ झाली. त्यांना दोन आठवडे कामासाठी परगावी जायचं होतं. हात धुऊन, डब्याचं झाकण लावून ते निघाले. कौतुकाच्या भरात दुसरी डिस्क आहे की नाही हे पाहायचं कुणाला सुचलंच नाही.

मावशींनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. बारा सेकंदांत तो आला आणि तेवढ्याच वेळात डिस्क नसल्याचंही कळलं. पूर्वी वाईट बातमीला निदान चार मिनिटं तरी लागायची, असं काका म्हणाले.

लेकीला फोन लावला, तर ती म्हणाली की आई, तू कशालाही हात लावू नकोस, ते परत आले की बघतील. मावशींनी बरं म्हटलं. म्हणजे ऐकलं एवढंच. कबूल केलं असं नव्हे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत जावयांचा फोन आला. मागे दहा माणसांचा गलका होता. त्यांनी दोन जागा पाहायला सांगितल्या. पहिली म्हणजे विंडोजमधली डिस्कांची यादी. तिथे फक्त नवी पट्टी दिसत होती. दुसरी जागा त्याच्याही आधीची. कॉम्प्युटर सुरू होतानाच एक बटण दाबत राहायचं, म्हणजे निळा पडदा येतो आणि पाटीला काय काय जोडलंय ते ती स्वतःच सांगते. मावशींनी तिथली यादी फोनवर वाचून दाखवली. एक ते सहा अशी सहा पोर्ट, म्हणजे डिस्कची वायर खोचायच्या जागा, आणि साहींपुढे एकच शब्द: रिकामं.

जावई म्हणाले, “आई, डिस्क गेली हो. सात वर्षांची होती. नेमकी आत्ताच जायची होती, योगायोग म्हणायचा. मी तर तिला हातही लावला नव्हता.”

त्यांच्या बोलण्यात ठामपणा होता, आणि त्या ठामपणाखाली थोडी भीतीही होती. एकतीस वर्षं मावशींनी फोनवर माणसं ऐकली होती, त्यांना ती भीती बरोबर ऐकू आली. येताना नवी डिस्क घेऊन येतो, असं जावई म्हणाले. मावशींनी विचारलं की नव्या डिस्कवर माझी सतरा प्रकरणं असतील का. जावई म्हणाले की सुट्टी संपली, उद्या पुन्हा फोन करतो.

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, “गेलीच म्हणतायत ते. आता?”

“गेली म्हणायला ती कुठे गेली ते कळायला नको?” मावशी म्हणाल्या. “माझ्या टेबलाशी कुणी येऊन सांगितलं की फोन मेला, तर मी मेला असं लिहून घेत नव्हते. आवाज येत नाही, एवढंच लिहायचे.”

त्यांनी जुनी वही काढली. बिघाड विभागात नवीन आलेल्यांना त्या एकच गोष्ट घोकून घ्यायला लावत. बिघाड कुठे आहे ते आधी शोधायचंच नाही. कुठपर्यंत चांगलं आहे ते शोधायचं, आणि एकेक पाऊल पुढे जायचं. बिघाड मग आपसूक पायाशी येतो. वहीच्या पानावर त्यांनी मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे ‘खात्रीचं’ आणि उजवीकडे ‘पाहायचंय’ असं लिहिलं. डावी बाजू कोरी होती. उजवीकडे पाच ओळी झाल्या.

मंगळवारी सकाळी काम सुरू झालं. कॉम्प्युटर बंद, भिंतीतला प्लग काढलेला, डबा बोळातल्या फरशीवर आडवा. काकांनी टॉर्च धरला. बस चालवताना ते कधी कुणाचं ऐकत नसत, पण बायकोच्या कामात टॉर्च धरायचा म्हटला की न बोलता, न हलवता धरीत. मावशींनी आधी डब्याच्या पत्र्याला हात टेकला, अंगातली स्थिर वीज उतरवली आणि झाकण उघडलं.

आतली रचना त्यांना अनोळखी असली तरी अवघड वाटली नाही. टेलिफोनच्या खांबावरच्या पेटीत याच्या दसपट वायरी असत, आणि त्यात पालीही असत. डिस्क खालच्या कप्प्यात होती, पुस्तकाएवढी, वजनदार. तिला दोन वायरी. एक रुंद, वीज आणणारी. दुसरी चपटी लाल, माहितीची ने-आण करणारी. लाल वायरीचं दुसरं टोक पाटीच्या कडेला एका खाचेत गेलं होतं.

दोन्ही वायरी काढून त्यांनी पुन्हा घट्ट बसवल्या. चालू करून पाहिलं, यादी रिकामी. मग लाल वायर बदलली. रविवारी काढलेल्या जुन्या डिस्कची तशीच एक लाल वायर डब्यात लोंबकळत होती. तिचं पाटीकडचं टोक जावयांनी काढून ठेवलं होतं. पहिली वायर ज्या खाचेत होती त्याच खाचेत मावशींनी ही दुसरी घातली. यादी रिकामीच. मग विजेची वायर बदलून पाहिली. कॉम्प्युटर चालू असताना त्यांनी डिस्कच्या पत्र्यावर तळहात ठेवला. हाताखाली बारीक, एकसारखी थरथर होती. पाच मिनिटांनी पत्रा कोमट लागला.

“फिरतेय,” त्या म्हणाल्या.

काकांनीही हात ठेवून पाहिला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, जणू इंजीन ऐकत होते. “छान फिरतेय,” ते म्हणाले. “ही गेलेली नाही. गेलेलं इंजीन असं नसतं.”

वहीत डावीकडे पहिली नोंद झाली: वीज येते, डिस्क फिरते. दुसरी नोंद: वायर चांगली, दोन बदलून पाहिल्या. उजवीकडच्या पाचातल्या तीन ओळी खोडल्या गेल्या. मावशींचं तोंड दुपारपर्यंत अगदी प्रसन्न होतं. काकांना ते लक्षण ठाऊक होतं. बायको कोड्यात सापडली की तिला भूक लागत नसे आणि ती गाणं गुणगुणत असे. दोन्ही चाललं होतं.

तरी बुधवारी काकांनी चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात विचारून पाहिलं. दुकानदार भला माणूस होता, पण त्याच्यासमोर रांग होती. डबा इथे ठेवून जा, चार दिवसांनी सांगतो, आणि जमलं नाही तर डिस्क फॉरमॅट करावी लागेल, असं तो म्हणाला. काकांनी घरी येऊन तो शब्द जसाच्या तसा सांगितला.

“फॉरमॅट म्हणजे पुसून टाकणं,” मावशी म्हणाल्या. “तुमच्या बसचं दार उघडत नाही म्हणून कुणी आतल्या माणसांसकट बस भंगारात काढतं का?”

काका म्हणाले की एक-दोन प्रवासी असे होते, की त्यांच्यासाठी त्यांनी तेही केलं असतं. पण डबा घरातच राहिला.

गुरुवारी अकरा वाजता ग्रंथालयाचा माणूस आला. त्याला सगळे कानसेन म्हणत. चाळिशीचा, जन्मापासून अंध, आणि कामाने तपासनीस. वाचून आलेलं प्रत्येक प्रकरण तो मुलांना द्यायच्या आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. श्वास मोठा आला, पान उलटल्याचा आवाज आला, एखादा शब्द घसरला, तर मिनिट आणि सेकंदासकट कळवायचा. मावशींचं आणि त्याचं चांगलं जमे, कारण दोघांनाही गुळमुळीत बोलणं आवडत नसे.

मावशींनी त्याला दारातच सगळं सांगून टाकलं. सतरा प्रकरणं देता येत नाहीत, का येत नाहीत, काय काय करून झालं. सबब म्हणून एक शब्दही नाही. आणि प्रत काढून ठेवली नाही ही माझी चूक, हेही त्याच दमात सांगितलं. काठी कोपऱ्यात उभी करत त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, “चालू करा. मला तिच्याजवळ बसू द्या.”

तो बोळात फरशीवर मांडी घालून बसला, उघड्या डब्याच्या अगदी कडेला. मावशींनी बटण दाबलं. कानसेनने मान कलती केली. आधी पंखा सुरू झाला, मग त्याच्या खालून एक चढत जाणारा सूर आला आणि एका पट्टीवर स्थिर झाला. तो सूर काका आणि मावशींनाही ऐकू आला, पण कुणी दाखवून दिल्यावर.

“काडकाड नाही, अडखळणं नाही,” कानसेन म्हणाला. “एका दमात वर गेली. मावशी, ही तुमच्या-माझ्याहून ठणठणीत आहे. ती बोलायला तयार आहे, तिचं कुणी ऐकत नाहीये.”

मावशींनी वही पुढे ओढली. डावीकडे लिहिलं, डिस्क चांगली. वीज चांगली. वायर चांगली. उजवीकडे आता एकच ओळ उरली होती: पाटी. पण पाटी तर नवी पट्टी चालवत होती, बारा सेकंदांत सगळं उघडत होती. मग पाटी बिघडली असं कसं म्हणायचं?

“पाटीबरोबर पुस्तक आलं असेल ना?” कानसेनने विचारलं.

पुस्तक होतं. मावशी खोकीसुद्धा टाकत नसत. काकांनी माळ्यावरून पाटीचा खोका काढला. त्यात कधीच न उघडलेली, घडीची वळणं कडक राहिलेली एक पुस्तिका निघाली. मावशींनी चष्मा लावला आणि मनातल्या मनात पानं चाळायला लागल्या. हे सॉकेट, ते सॉकेट, पंख्याची जोडणी, दिव्यांचे रंग. चार पानं झाली.

“मोठ्याने वाचा ना,” कानसेन म्हणाला. “मी काय करू इथे?”

मावशी हसल्या. हे त्यांना सुचायला हवं होतं. त्या बोळात स्टुलावर नीट बसल्या, पाठ ताठ केली आणि आपल्या वाचनाच्या आवाजात वाचायला लागल्या. घरातला आवाज वेगळा आणि हा वेगळा. हा संथ, स्वच्छ, कुठल्याही शब्दाला कमी न लेखणारा. अंधांसाठी वाचताना काही गाळायचं नसतं. तक्ता असला तर ओळीने तक्ता वाचायचा, तळटीप असली तर तळटीप वाचायची, कारण ऐकणाऱ्याला काय हवंय ते वाचणाऱ्याने ठरवायचं नसतं. मावशींनी पाटीवरच्या भागांचा तक्ता वाचला. डिस्क जोडायची सहा पोर्ट, त्यांचे क्रमांक, त्यांचा वेग. नव्या पट्टीसाठी दोन खाचा, वरची आणि खालची. तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत तारांकित टीप होती, तीही वाचली. पुढच्या पानावर ध्वनीची जोडणी होती. तिथे त्या निम्म्या ओळीपर्यंत आल्या.

“थांबा,” कानसेन म्हणाला. “मागे चला. ती तारांकित टीप परत.”

मावशींनी पान उलटलं. “तारांकित टीप. खालच्या खाचेत पट्टी-प्रकारची डिस्क बसवल्यास पोर्ट क्रमांक पाच व सहा उपलब्ध राहत नाहीत.”

वाक्य वाचून झालं आणि मग मावशींना कळलं आपण काय वाचलं ते. त्यांचं नेहमी असंच होई. तोंडाने वाचत असताना अर्थ एक पाऊल मागून येत असे.

“काका,” कानसेन म्हणाला, “लाल वायर कुठल्या नंबरात आहे हो?”

काकांनी टॉर्च पाटीच्या कडेला नेला. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. खाचेशेजारी पांढऱ्या शाईत बारीक आकडा होता. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि बसचा नंबर सांगावा तसा सांगितला, “पाच.”

आणि नवी पट्टी? ती खालच्याच खाचेत होती. वरची खाच पंख्याच्या ओझ्याखाली दडलेली, तिथे बोटं जायला त्रास. रविवारी गाडीची वेळ झाली होती. जावयांनी सोयीची खाच निवडली, यात कुणाचं काय चुकलं? पण पट्टी खालच्या खाचेत बसली आणि पाचव्या पोर्टाचं दार बंद झालं. डिस्क आत फिरतच राहिली. तीन दिवस मावशी वायरी बदलत होत्या, आणि प्रत्येक वायर त्याच बंद दारात घालत होत्या.

“मी पोर्ट बदलून पाहिलंच नाही,” मावशी म्हणाल्या. त्यांना स्वतःचा राग आला, पण फार नाही. तासाभरापूर्वी आला असता तर जास्त आला असता. “एकतीस वर्षं लोकांना सांगत आले. टोक बदललं तर दोन्ही टोकं बदला.”

कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला. मावशींनी लाल वायरीचं टोक पाचातून उपसलं आणि दोन नंबरात घातलं. टक् असा आवाज आला. कानसेनने मान डोलावली, म्हणजे नीट बसली.

चालू करून त्यांनी निळा पडदा आणला. एक, रिकामं. दोनपुढे डिस्कचं लांबलचक नाव, आकडे, अक्षरं, सगळं. काकांनी ते नाव मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या अक्षरावर सोडून दिला.

पण गंमत संपली नव्हती. विंडोज उघडलं, तर ‘सी’ होती आणि ‘डी’ अजूनही नव्हती. काकांचा चेहरा उतरला. मावशींचा उतरला नाही. निळ्या पडद्यावर नाव आलं होतं, म्हणजे तिथपर्यंत सगळं खात्रीचं होतं. आता उरलं ते पुढचं, आणि पुढे फार काही उरलं नव्हतं. त्यांनी डिस्कांची यादी उघडली. तिथे दोन ओळी होत्या. खालच्या ओळीत डिस्कचा आकार बरोबर होता, ‘निरोगी’ असा शेरा होता. फक्त तिला अक्षर नव्हतं. घर होतं, दारावर नाव नव्हतं.

एवढ्यात जावयांचा फोन आला. रोज जेवणाच्या सुट्टीत ते करायचेच. मनाला लागलं होतं त्यांच्या. मावशींनी फोन स्पीकरवर टाकून सांगितलं की डिस्क दिसतेय, पण तिला अक्षर नाही.

“दिसतेय?” जावई म्हणाले. मग घाईघाईने त्यांनी सांगितलं की तिच्यावर उजवं बटण दाबा, यादीत अक्षर द्यायची ओळ असेल ती घ्या, आणि त्याच यादीत खाली फॉरमॅट आहे, त्याला चुकूनही हात लावू नका. मावशींनी यादी कानसेनला वाचून दाखवली, सगळी, फॉरमॅटसकट. मग अक्षर द्यायची ओळ दाबली, ‘डी’ निवडली आणि होय म्हटलं.

पडद्यावर खिडकी उघडली. फोल्डरांची रांग लागली. एकवीस, बावीस, तेवीस. सदतिसावं शेवटी होतं, गेल्या शुक्रवारच्या तारखेचं.

मावशींनी एकतिसावं प्रकरण लावलं. स्पीकरमधून त्यांचाच आवाज गुडघ्याच्या वाटीबद्दल बोलायला लागला. तिन्ही माणसं गुडघ्याच्या वाटीबद्दल ऐकत उभी राहिली, आणि परगावी कुठल्याशा उपाहारगृहात जावईही ऐकत होते.

“आई,” ते शेवटी म्हणाले, “काय होतं?”

काकांनी हातानेच खूण केली की राहू दे, सांगू नकोस. लेकीचा नवरा, त्याला का म्हणून खजील करायचं? वायर सैल होती म्हणून सांग, मिटलं. मावशींना ती खूण दिसली. पण बिघाडाची नोंद खोटी करायची त्यांना सवय नव्हती. खोटी नोंद केली की तोच बिघाड दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पुन्हा होतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

“जावईबापू, नवी पट्टी खालच्या खाचेत बसली की पाच आणि सहा नंबरची पोर्ट बंद होतात,” त्या म्हणाल्या. “पुस्तिकेत लिहिलंय, बारीक अक्षरात. आपली डिस्क पाचात होती. आता दोनात आहे. तुमची पट्टी आहे तिथेच राहू दे, झकास चाललीय.”

काका छताकडे पाहू लागले.

“म्हणजे माझ्यामुळेच,” जावई म्हणाले. “आणि मी तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं की डिस्क गेली.”

“सांगितलंत खरं. मी काही ऐकलं नाही.”

“पुस्तिका मी उघडलीच नव्हती.”

“आम्ही कुठे उघडली होती? सात वर्षं माळ्यावर होती. आणि उघडून मी ते वाक्य वाचलंसुद्धा, अन् पुढे निघून गेले. पकडलं ते कानसेननी.”

मग जावई हसले, पहिल्यांदाच मोकळेपणी. त्यांनी सांगितलं की कचेरीत त्यांच्या हाताखाली सहा माणसं आहेत आणि ही गोष्ट ते आज त्यांना सांगणार आहेत. सासूबाईंनी आपली चूक कशी काढली ते सगळं सांगणार का, असं काकांनी मध्येच विचारलं. सगळं, जावई म्हणाले. काकांना हे अनपेक्षित होतं. फोन ठेवल्यावर ते मावशींना म्हणाले की माणूस चांगला मिळालाय हो आपल्या पोरीला. मावशी म्हणाल्या की ते मला लग्नाच्या वेळीच माहीत होतं, तुम्हीच गाडी कशी चालवतो ते विचारत बसला होतात.

प्रती काढायला पाऊण तास लागला. मावशींनी दोन काढल्या, एक कानसेनसाठी आणि एक कपाटात ठेवायला. इथून पुढे प्रत्येक प्रकरण झालं की त्याच दिवशी प्रत काढायची, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी. दरम्यान कानसेन कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत बसला होता. ग्रंथालयात जाईपर्यंत त्याला धीर निघत नव्हता. बाविसावं प्रकरण मधून मधून ऐकलं, पंचविसावं ऐकलं. काकांनी त्याला चहा नेऊन दिला, तो त्याने गार होईपर्यंत ठेवला.

एकोणतिसाव्या प्रकरणात तो थांबला, मागे गेला, पुन्हा ऐकलं. हेडफोन काढून त्याने मावशींना हाक मारली.

“मावशी, सव्विसाव्या मिनिटाला आकृती सांगताना तुम्ही डावा खांदा म्हणालात. त्याआधी पाच मिनिटं सगळं उजव्या खांद्याबद्दल चाललंय. कुठलं खरं?”

मावशींनी पुस्तक उघडून पान शोधलं. आकृतीत उजवा खांदा होता, स्पष्ट. तीन दिवस वायरी उपसताना आपण किती बरोबर आहोत याचाच त्या विचार करत आल्या होत्या. आणि इथे मुलांनी परीक्षेत चुकीचा खांदा लिहिला असता. त्यांनी पान दाबून सपाट केलं.

“उजवा,” त्या म्हणाल्या. “माझी चूक. तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का? आत्ताच वाचून देते.”

कानसेन उठला आणि काठी न घेताच भिंतीला हात लावत बोळात गेला. काकांनी त्याला स्टूल पुढे केलं आणि हलक्या आवाजात विचारलं की तुम्ही इतके तास ऐकता, कंटाळा नाही येत? कानसेन म्हणाला की येतो की, पण मावशींच्या आवाजाचा नाही येत, स्नायूंचा येतो.

आत मावशींनी रजई नीट ओढली, घसा साफ केला, एक घोट पाणी प्यायल्या आणि माइकजवळ सरकल्या. एकोणतिसाव्या प्रकरणाची चौथी आकृती त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. यावेळी उजवा खांदा म्हणताना त्यांनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला होता.